जावईबापूंचा कोपरा

गल्लीच्या तोंडाशी अत्तराचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मालकाला सगळे नाकशेठ म्हणत. तोंडावर म्हणत. त्यात त्यांना अपमान कधी वाटला नाही. डोळे दोन मिळतात, कान दोन मिळतात, पण नाक एकच, कारण ती वस्तू दोनदा वाटण्याइतकी स्वस्त नाही, असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत.

नाक होतंही तसंच. पोस्टमन उंबऱ्याशी यायच्या आत तो आज कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीतून आला की पाव भाजणाऱ्यांच्या, हे नाकशेठ मान वर न करता सांगत. गुलाबाच्या तेलात कोणी पाणचट माल मिसळला, तर ती लबाडी त्यांना आधी विकणाऱ्याच्या घामात कळे, मग बुधल्यात. खाली दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना, आणि या तिन्हींवर त्यांच्या नाकाचं राज्य. दुकान उघडायच्या वेळी वर कांदा परतायचा नाही. बुटांना पॉलिश करायचं तर गच्चीत. ओला टॉवेल खोलीत सापडला, तर मेलेला उंदीर उचलावा तसा ते तो दोन बोटांत धरून बाहेर नेत.

बायकोचा तर त्यांनी दुकानाचा बोर्डच करून टाकला होता. रोज सकाळी ती चहा घेऊन आली की ते कापसाचा फाया भिजवत आणि तिच्या दोन्ही मनगटांना लावत. फाया कशाचा, तर ज्या मालाला सध्या उठाव नाही त्याचा. त्यामुळे ती कधी कितीतरी दिवस लिंबाच्या सालीसारखी वावरे, कधी पावसात भिजलेल्या लाकडासारखी. बाजारात बायका विचारत, "आज कुठलं गं?" ती म्हणे, "जे खपत नाही ते." बाई कमी बोलायची, पण बोलली की टोचायची.

अशा या घरात अक्का आली.

अक्का म्हणजे नाकशेठांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा या भावाला तिनंच वाढवला. लहानपणी तो तिच्या उशीला नाक लावल्याशिवाय झोपत नसे. आता नाकशेठ साठीला टेकले होते आणि त्यांना 'बाळ' म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. अक्काचा नवरा गेला, भाड्याचं घर सुटलं, आणि एका दुपारी ती एक ट्रंक, एक पसरट पत्र्याची थाळी आणि एक टोपली घेऊन दारात उभी राहिली. टोपलीत राखाडी रंगाचा, चांगला पोसलेला ससा होता. त्याचा एक कान ताठ उभा आणि दुसरा लोंबता, त्यामुळे जगाचं बोलणं तो अर्धंच मनावर घेतो असं वाटे.

"नाव काय ठेवलंय, वन्सं?" नाकशेठांच्या बायकोनं विचारलं.

"जावई," अक्का म्हणाली. "मुलगी झाली नाही, पण जावयाची हौस कशाला ठेवू? खातो, पसरतो, इकडची काडी तिकडे करत नाही, आणि मनासारखं झालं नाही की पाय आपटतो. दुसरं काय म्हणू त्याला?"

त्या दिवसापासून घरात त्यांना जावईबापू म्हणू लागले, आणि मानानंच म्हणू लागले.

नाकशेठांचं लक्ष मात्र बापूंकडे नव्हतं. ते त्या पत्र्याच्या थाळीकडे बघत होते. थाळीत कातरलेला कागद, कागदावर वाळलं गवत, आणि कडांना घासूनही न निघणारा पांढरट थर. बापूंचा सगळा खाजगी व्यवहार त्या थाळीत चाले. नाकशेठ वाकले, आणि वाकले त्याच्या दुप्पट वेगानं सरळ झाले.

"ही थाळी आत येणार नाही."

"अरे, त्याला तिच्यातच बसायची सवय आहे."

"बाजारातली उत्तम पेटी आणतो त्याला. माझ्या घरात राहायचं तर माझ्या नाकानं राहायचं."

थाळी भंगारवाल्याच्या गाडीवर गेली. ती जाताना बापूंनी एकदा पाय आपटला, पण त्यांचं कोण ऐकतं.

त्याच संध्याकाळी नाकशेठांनी अट घातली. "अक्का, तू माझ्या डोक्यावर बस, मी हूं की चूं करणार नाही. पण वास माझी रोजीरोटी आहे. ज्या दिवशी याचा वास जिना उतरून दुकानात आला, त्या दिवशी जावयानं हे घर सोडायचं."

"मग सासूही त्याच्यामागे सोडेल," अक्का चहा फुंकत म्हणाली. "यांच्या पुतण्यानं माझ्यासाठी जिन्याखाली खाट टाकून ठेवलीच आहे."

ती खाट नाकशेठांनी पाहिली होती. सायकलींच्या मागे, अंधारात. वरून कोणी चढलं-उतरलं की झोपलेल्याच्या तोंडावर धूळ झडावी अशी. अक्का त्या खाटेवर, हे चित्र त्यांना सोसणारं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द मागे बोलवायची रीत त्या दोन्ही भावंडांना कोणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाकशेठ पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. सशाच्या पेटीत पसरायला काय काय मिळतं, ते सगळं त्यांनी काउंटरवर मांडायला लावलं आणि प्रत्येक पिशवीचं तोंड उघडायला लावलं. मग डोळे मिटून एकेक पिशवी हुंगू लागले. दोन वासांच्या मधे स्वतःच्या बाहीला नाक लावून ते कोरं करून घ्यायचं ही अत्तरवाल्यांची पद्धत. तीही त्यांनी सोडली नाही. मागे मांजराचा पट्टा घ्यायला आलेली गिऱ्हाइकं खोळंबली.

"शेठ," दुकानदार शेवटी म्हणाला, "यात तो मुतणार आहे."

"म्हणून काय झालं? माणूस मरणार असतो, म्हणून त्याला फाटके कपडे घालून ठेवतो का आपण?"

दुकानदारानं हात जोडले आणि सगळ्यात महागडी पिशवी पुढे सरकवली. पिशवीवर जांभळी फुलं छापलेली. आत मांजरांसाठीची बारीक वाळू, सुवासिक, ओली झाली की घट्ट गोळा होणारी. नाकशेठांनी निळीशार प्लास्टिकची पेटी घेतली, त्यात ती वाळू ओतली आणि राजवाड्यात पाहुणा उतरवावा तसं बापूंना तिच्यात उतरवलं. बापूंनी पुढच्या पायांनी उकरायला सुरुवात केली. धुळीचा ढग उठला. त्या ढगातून बापू शिंकले, मग अक्का शिंकली, मग, कितीही दाबली तरी, नाकशेठांनाही शिंक आली. शिंकून झाल्यावर बापूंनी वाळूची चव घेऊन पाहिली.

नाकशेठांच्या बायकोनं मूठभर वाळू वाटीत घेतली, पाणी घातलं, आणि थोड्या वेळानं वाटी उलटी धरली. वाळू पडली नाही.

"माझ्या जावयाच्या पोटात ओटा बांधतोस का रे, बाळ?" अक्का म्हणाली.

वाळू गेली. मग मक्याच्या कणसाच्या दांड्याचा चुरा आला. तो बापूंनी नाश्ता समजून खाल्ला, म्हणून तोही काढला. मग नाकशेठांनी जे आणलं, ते आणताना ते वाटभर स्वतःशी हसत होते. देवदाराचा छिलका. रंध्याखालून निघालेला, पातळ, कुरळा. पिशवी उघडली आणि खोलीभर डोंगर उभा राहिला. उन्हानं तापलेली साल, डिंक, उंचावरचा वारा.

"डोळे मीट, अक्का. कुठे आहोत आपण?"

"तुझ्या घरात," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बापूंच्या डोळ्यांना पाणी सुटलं. शिंका थांबेनात, गवताला तोंड लावेनात. टोपली उचलून सगळे जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेले. ती तरुण होती, तिला वेळ नव्हता, आणि नाकशेठ कोण हे तिला माहीत नव्हतं.

"आधी हे लाकूड काढा. याचा वास म्हणजे त्यातलं तेल. चोवीस तास तेच हुंगत बसला तर त्याच्या छातीला त्रास, यकृताला त्रास."

"पण वास उत्तम प्रतीचा आहे."

"तुम्हाला. तुमचं नाक त्यापासून पाच फूट वर आहे. त्याचं त्यातच आहे." तिनं बापूंचा लोंबता कान उचलून पाहिला आणि परत सोडला. "कागदाच्या गोळ्या मिळतात, त्या घाला. एका बाजूला वाळलं गवत ठेवा. बसल्या बसल्या खात राहतो तो."

"तिथेच? खातो?"

"तिथेच."

नाकशेठांनी बाहीला नाक लावलं.

कागदाच्या गोळ्या आल्या. राखाडी, हलक्या, निरुपद्रवी. नाकशेठांनी त्या हुंगल्या, बाही हुंगली, परत हुंगल्या. काहीच नाही. ज्या वस्तूला वास नाही ती आपला खरा स्वभाव लपवते आहे, असं त्यांचं मत. अक्काच्या पाठीमागे त्यांनी त्या गोळ्यांवर गुलाबाचे थेंब टाकले. बापू पेटीतून उठले रे उठले की ते पेटी रिकामी करत, उकळत्या पाण्यानं घासत, गुलाबपाण्यानं विसळत, आणि फरशीही त्याच पाण्यानं पुसून घेत. रोज, न चुकता. एवढी सेवा कोणत्या खऱ्या जावयाचीही झाली नसेल.

आणि बापूंनी पेटीत जाणंच सोडलं.

आधी सतरंजी झाली. नाकशेठांनी सतरंजी धुतली, गुलाबपाणी शिंपडलं. मग मोरीचा उंबरा. तोही पुसला, शिंपडला. मग नाकशेठांची डावी चप्पल. एकदा उजवी. जिथे बापूंनी सही करावी, तिथे नाकशेठांनी ती खोडावी, आणि बापूंनी दुसऱ्या दिवशी नवी जागा शोधावी. पेटी कोपऱ्यात निळी, कोरी, सुवासिक पडून राहिली. बापू तिच्याजवळ येत, नाक हलवत, आणि परक्या दारावरून परत फिरावं तसे परतत. नाकशेठांच्या मात्र नाकी नऊ आले.

"रुसलाय तो," अक्का म्हणे. "घर सुटल्याचं दुःख आहे त्याला."

"वन्सं, दुःख रोज नव्या जागी होत नाही हो," बायको फडकं पिळत म्हणे.

व्हायचं ते एका भर दुपारी झालं. बंगलेवाल्या बाई दुकानात आल्या. दुकानाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वजनदार गिऱ्हाईक. आपल्या हॉटेलच्या दिवाणखान्यासाठी त्यांना नवा सुगंध निवडायचा होता. नाकशेठांनी कुप्या मांडल्या, फाये भिजवले, बाईंना मखमली गादीवर बसवलं आणि सुगंधाच्या तीन पायऱ्यांवर, म्हणजे आधी भेटणारा वास, मग रेंगाळणारा, शेवटी उरणारा, यांवर बोलायला सुरुवात केली. पहिली पायरी संपायच्या आत बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं.

"शेठ, ही गादी ओली आहे."

नाकशेठांना वाकून हुंगायची गरजच नव्हती. काउंटरच्या खालून एक ताठ कान वर आला आणि त्यामागून एक लोंबता.

बाई उठल्या. रागावल्या नाहीत, त्यांना रागावायची सवय नव्हती, नोकर होते त्यासाठी. दारात वळून त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडे मी वास घालवायला येते हो. न्यायला नाही."

नाकशेठ जिना चढून वर आले तेव्हा त्यांना काही बोलावंच लागलं नाही. अक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं कपडे पलंगावर काढले होते, ट्रंक भिंतीपासून ओढून मधे घेतली होती आणि दोर शोधत होती. बायको दारात उभी होती.

"अक्का, असं काय लगेच..."

"तू म्हणाला होतास. मी पण म्हणाले होते." अक्कानं शाल घडी करून ट्रंकेत टाकली. "दुकान तुझं पोट आहे, बाळ. मी काही तुझ्या पोटावर बसायला आले नाही. सहाची गाडी मिळेल."

ट्रंकेचं झाकण पडलं, अक्कानं दोर आवळला, गाठ मारली. एवढ्या वेळात काउंटरच्या आडून जिना चढून आलेले जावईबापू कोणाकडेही न बघता खोलीतून गेले आणि ट्रंकेमागच्या, आता उघड्या पडलेल्या कोपऱ्यात जाऊन बसले. निवांत बसले. घरी आल्यासारखे.

नाकशेठ गुडघ्यांवर आले. मग हातांवर आले. आणि ज्या नाकावर त्यांनी कधी माशी बसू दिली नाही, ते फरशीला टेकवून ते कोपऱ्याकडे सरकू लागले. बायको बघत राहिली. पलंगाखाली गुलाब. दाराशी गुलाब. सतरंजीच्या जागी गुलाब. सगळं घर गुलाब, गुलाब. बाजारात एकाच वेळी सगळे ओरडावेत आणि कोणाचंच ऐकू येऊ नये, तसं. आणि ट्रंकेमागे, जिथे त्यांचं फडकं कधी पोचलं नव्हतं, तिथे गुलाब नव्हता. तिथे ओलं गवत होतं, लेंड्या होत्या, अक्काच्या ट्रंकेच्या गंजाचा आणि जुन्या कपड्यांचा वास होता. बापू पहिल्या दिवसापासून इथे येत होते. नाकशेठांच्या घरात, नाकशेठांच्या नाकाखाली. आणि नाकशेठांना पत्ता नव्हता, कारण आपल्याच अत्तरानं त्यांनी आपलं नाक बहिरं करून ठेवलं होतं.

अक्का लग्न होऊन गेली त्या वर्षी शेजारणीनं तिची उशी धुऊन टाकली होती, ते त्यांना का कोण जाणे आठवलं. त्यानंतर हे पोर कधी पायाशी डोकं करून झोपे, कधी फरशीवर, कधी दारात. घरातले म्हणायचे, हट्टी आहे.

"ती पेटी आण," ते बायकोला म्हणाले. "त्यातलं सगळं ओतून टाक. साध्या पाण्यानं धू. आणि नव्या गोळ्या आण, माझा हात न लागलेल्या."

पेटी आली. नाकशेठांनी कोरड्या गोळ्या पसरल्या, एका बाजूला वाळलं गवत ठेवलं, आणि मग कोपऱ्यातलं ओलं गवत, ओंजळभर, स्वतःच्या हातांनी उचलून मधे ठेवलं. या हातांनी त्यांनी आजवर चंदनाहून हलकं काही ओंजळीत धरलं नव्हतं. पेटी त्यांनी त्याच कोपऱ्यात सरकवली आणि मागे होऊन बसले. तिघंही बसले. अक्का बांधलेल्या ट्रंकेवर.

बापू आले. पेटीच्या कडेला नाक हलवलं, बराच वेळ, बारकाईनं, नाकशेठ कुपी तपासतात तसं. मग चढून आत गेले, एक गोल फेरी मारली, गवताची काडी ओढली आणि ती चघळत, न्यायाधीशासारखे डोळे अर्धे मिटून, आपलं काम करू लागले.

सहाची गाडी शिटी वाजवून गेली.

"अक्का, गाठ सोड," नाकशेठ म्हणाले.

"तूच सोड. मारताना रागात होते, आता सुटायची नाही माझ्यानं."

झालं ते एवढंच. पण नाकशेठांसारखा माणूस एवढ्यावर थांबला असता, तर त्यांना नाकशेठ कोणी म्हटलं असतं? ट्रंक रिकामी व्हायच्या आत तो शोध त्यांचा झाला होता. ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले आणि दुकानदाराला उभं करून सांगितलं की पेटी बदलताना जुनं मूठभर मागे ठेवावं. जनावराचा वास पुसला की त्याचं घर पुसतं. ते पोस्टमनला सांगितलं. पाववाल्याला सांगितलं. डॉक्टरणीकडे मुद्दाम गेले, तर ती म्हणाली, "हो, अर्थात," आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं. मखमली गादी बदलली. काही दिवसांनी बंगलेवाल्या बाईही परत आल्या, कारण दुसऱ्या दुकानात त्यांच्याशी कोणी इतका वेळ बोलत नव्हतं. त्यांनाही नाकशेठांनी सुगंधाच्या तीन पायऱ्यांच्या आधी हा शोध ऐकवला.

"प्रत्येक जिवाला स्वतःचा वास असतो, बाईसाहेब. तो त्याच्याजवळ राहू द्यावा. त्यावर आपलं काही थापू नये. हे ओळखायला नाक लागतं."

जिन्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या अक्कानं हे कितव्यांदा ऐकलं, ते तिनं मोजलं नव्हतं. तिनं कधी दुरुस्तही केलं नाही. बापू खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेऊन खाली आली. नाकशेठांनी सवयीनं फाया भिजवला. ओल्या शेवाळासारखा एक माल होता, तो काही केल्या हलत नव्हता. त्यांनी हात पुढे केला. तिनं मनगटं पुढे केली नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही. जावयाला जी सवलत मिळाली, ती मला का नाही, एवढंच विचारायचं होतं."

नाकशेठ तिच्याकडे पाहू लागले. मग फायाकडे. बायकोनं चहा ठेवला, नळाशी जाऊन साबण न लावता मनगटं धुतली, पदराला पुसली आणि येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. रोज बसायची तशीच.

नाकशेठांनी फाया खाली ठेवला. स्वतःच्या बाहीला नाक लावून ते कोरं केलं. मग हळूच, तिला कळू नये अशा बेतानं, नाक तिच्या दिशेला वळवलं. एकदा. दोनदा. परत बाही. परत तिच्याकडे. पोस्टमनची गल्ली सांगणाऱ्या त्या माणसाला, शेजारी बसलेलं माणूस कोण आहे, ते काही केल्या ओळखता येईना.

जिन्यावरून अक्का बघत होती.

"बस तसाच, बाळ," ती शेंग फोडत म्हणाली. "होईल ओळख. जावयाला चार दिवस लागले. तुला जरा जास्त लागतील."